जुन्या पिकअपवर ड्रिल-ग्राइंडर चालवायचे तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी पिकअप आहे, १२ व्होल्टची. बॅटरी एकच, ६०-७० अँपिअर-तासांची, आणि अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) कंपनीने बसवलेला मूळचाच. जिथे वीज पोहोचलेली नाही अशा जागी कुंपणाचं आणि पत्र्याच्या शेडचं काम करायचंय. घरातलं ड्रिल, चार इंची ग्राइंडर आणि जमलं तर सात इंची गोल करवत गाडीवर चालेल का, आणि त्यासाठी किती वॅटचा इन्व्हर्टर (बॅटरीच्या १२ व्होल्टचे घरच्यासारखे २३० व्होल्ट करणारी पेटी) घ्यावा?

चालेल. ड्रिल आरामात चालेल, ग्राइंडर बेताने चालवावा लागेल आणि गोल करवतीचा नाद सोडलेला बरा. पण ‘किती वॅटचा इन्व्हर्टर’ हा प्रश्न शेवटी येतो. मी गाड्यांचं वायरिंग करत आलोय आणि या कामात जळालेलं जे जे सामान माझ्याकडे आलं, त्यात इन्व्हर्टर लहान पडला म्हणून जळालेलं फार थोडं होतं. बहुतेक ठिकाणी १२ व्होल्टच्या बाजूची वायर, जोड, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हचा बॉडीशी जोड) किंवा बॅटरी गेलेली असायची. म्हणून उत्तर तिथूनच देतो.

एक हिशोब आधी डोक्यात बसवा. अवजाराच्या वॅटला दहाने भागा, की बॅटरीतून साधारण तेवढे अँपिअर ओढले जातात. इन्व्हर्टर स्वतः जे दहा-पंधरा टक्के खातो ते यात धरलंय. ६०० वॅटचं ड्रिल म्हणजे ६० अँपिअर. ८०० वॅटचा ग्राइंडर म्हणजे ८०. गोल करवत १२०० ते १४०० वॅटची असते, म्हणजे १२० ते १४०. दोन्ही हेडलाइट मिळून जेमतेम नऊ-दहा अँपिअर घेतात. म्हणजे ग्राइंडर दाबून धरलात, की आठ-नऊ गाड्यांच्या हेडलाइट तुम्ही एकाच बॅटरीवर लावल्यात. प्लेटवरचे वॅट पूर्ण लोडचे असतात, मोकळ्यावर फिरताना अवजार बरंच कमी ओढतं हे खरं. पण चकती लोखंडात गेली की आकडा तिथेच पोहोचतो, आणि स्विच दाबताक्षणी तर त्याच्या दुप्पट-तिप्पट उडी मारतो.

आता समोरची बाजू बघा. त्या काळच्या पिकअपचा अल्टरनेटर बहुधा ३५ ते ६० अँपिअरचा असतो, आणि हा आकडा इंजिन चांगलं रेसवर असतानाचा. नुसत्या आयडलिंगला त्याच्या तिसरा हिस्सा ते निम्मं मिळालं तरी खूप. गाडीला अल्टरनेटरच्या आधीचा डीसी डायनामो असेल तर आयडलिंगला जवळपास काहीच मिळत नाही, त्याला बॅटरीशी आपोआप जोडणारा-तोडणारा कटआउट उघडाच राहतो. तेव्हा गाडी उभी, इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर, अशा वेळी तुमच्या हातात खात्रीचे २० अँपिअर आहेत असं समजा. अवजार मागतंय ६० ते ८०. मधली सगळी तूट बॅटरीतून जाते.

इथे बहुतेक जण घाबरतात किंवा मोठा अल्टरनेटर शोधायला लागतात. त्याआधी घड्याळ लावून बघा की तुम्ही अवजार खरोखर किती वेळ दाबता. भोक पाडायला पंधरा सेकंद. मग खूण करणं, पत्रा धरणं, स्क्रू शोधणं यात पाऊण मिनिट जातं. ७० अँपिअर पंधरा सेकंद म्हणजे मिनिटाची सरासरी साडेसतरा अँपिअर. अल्टरनेटर वीस देतोय. हे काम दिवसभर चालेल, फक्त इंजिन चालू ठेवा. उलट ग्राइंडरने एका पाइपवरचा गंज सलग पाच मिनिटं उतरवायला घेतलात तर दर मिनिटाला साठ अँपिअरची तूट बॅटरीच्या डोक्यावर चढते, आणि नंतर ती भरून काढायला वीस मिनिटांची विश्रांतीही कमी पडते. कापायला हरकत नाही, घासायला बसू नका. माझा सगळा सल्ला या हिशोबावर उभा आहे: गाडी तुम्हाला वॅट उधार देते, पण ती उधारी मिनिटांत फेडावी लागते.

बॅटरीबद्दल दोन गोष्टी. बॅटरीवर ६० अँपिअर-तास लिहिलंय ते वीस तासांच्या हळू उताराचं, म्हणजे तीन अँपिअरने. तिच्यातून ६० अँपिअर ओढले तर तासभर मिळत नाही. अर्ध्या तासाच्या आसपास ती बसते. दुसरं, गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, म्हणजे दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर देता यावेत. तिला खोल उतरवलं की प्लेटांवरचा मसाला सुटतो, आणि तशीच उतरलेली ठेवली की सल्फेट घट्ट बसतं. अशी मुळापर्यंत उतरण्याची पाळी चार-सहा वेळा आली तर चांगली बॅटरीही म्हातारी होते. इंजिन बंद करून, थोडा वेळ थांबून मल्टिमीटर लावा. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ ला निम्मी. १२.२ ही तुमची लक्ष्मणरेषा. इन्व्हर्टर साधारण साडेदहा व्होल्टला आपणहून बंद होतो, पण त्या भरवशावर राहू नका. ती सोय इन्व्हर्टरच्या रक्षणाची आहे, तोवर सेल्फ मारायची ताकद कधीच संपलेली असते.

आता वायर. इथे जरा सविस्तर बोलतो, कारण पैसे आणि कष्ट इथेच घालायचे असतात.

समजा इन्व्हर्टर मागच्या हौद्यात ठेवलाय, बॅटरीपासून तीन मीटरवर. जाणं-येणं मिळून सहा मीटर तांबं. घरात जड लोडला वापरतात तशी ६ स्क्वेअर एमएमची वायर घेतलीत तर १०० अँपिअरला त्या सहा मीटरमध्ये पावणेदोन व्होल्ट गळतात. बॅटरीवर लोडमध्ये ११.८ असतील तर इन्व्हर्टरला दहाच पोचतात. तो पिप-पिप करून बंद पडतो आणि माणूस बॅटरीला शिव्या देतो. शिवाय ते पावणेदोन व्होल्ट कुठे हवेत जात नाहीत. १७५ वॅट उष्णता होऊन त्या वायरच्या अंगात उतरतात. तीच वायर ३५ स्क्वेअर एमएमची घेतलीत तर गळती ०.३ व्होल्ट. हजार वॅटच्या इन्व्हर्टरला ३५, दीड हजारच्याला ५०, याखाली मी जात नाही. वेल्डिंगची केबल या कामाला उत्तम: बारीक तारांची, लवचिक, आणि धक्के सोसणारी.

त्याहून चांगली युक्ती म्हणजे लांबी २३० व्होल्टच्या बाजूला घालणं. ७०० वॅटचं अवजार त्या बाजूला तीनच अँपिअर घेतं. दीड स्क्वेअर एमएमची वीस मीटरची एक्स्टेन्शन ओढलीत तरी दीड व्होल्टसुद्धा पडत नाही, आणि २३० मधून दीड गेला तर ड्रिलला कळतही नाही. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीजवळ ठेवा, केबिनमध्ये सीटच्या मागे किंवा पायाशी, कोरड्या आणि हवेशीर जागी. फक्त बॉनेटखाली नको. तिथे उष्णता असते, पाणी उडतं, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. त्या वायूत रिलेची एक ठिणगी पुरते.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा. इन्व्हर्टरमध्ये आतला फ्यूज आहे म्हणून बाहेरचा लागत नाही, हे मी फार वेळा ऐकलंय. आतला फ्यूज इन्व्हर्टरला वाचवतो. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरला वाचवायला कोणीच नसतं. हजार वॅटला १५० अँपिअरचा, दीड हजारला २०० चा, बोल्टने कसायचा मोठा फ्यूज येतो तो घ्या. घरगुती एमसीबी इथे लावू नका, ती या कामाची नाही.

फ्यूजबद्दल मी इतका आग्रही का, ते सांगतो. कामाला लागून फार वर्षं झाली नव्हती तेव्हा मी एका पिकअपच्या हौद्यात अशीच लाइन टाकली होती. फ्यूज ‘उद्या लावू’ म्हणून राहिला. पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतली आणि भोकाला रबरी ग्रोमेट घातला नाही. गाडी दोन आठवडे खडबडीत रस्त्यावर धावली, भोकाच्या कडेने वायरची साल हळूहळू कापली आणि एके दिवशी तांबं बॉडीला टेकलं. चांगल्या बॅटरीतून शॉर्टला हजार अँपिअरहून जास्त जाऊ शकतात. मी जवळच होतो. आधी वास आला, मग सीटखालून पांढरा धूर, आणि पान्याने टर्मिनल सोडवेपर्यंत वायरवरचं प्लास्टिक मेणासारखं वितळून गालिच्यावर ओघळत होतं. कोणाला इजा झाली नाही. त्या दिवसापासून मी फ्यूज आधी बसवतो आणि वायर नंतर कापतो.

लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी, नीट दाबलेला हवा. हातोडीने ठोकलेला चालणार नाही, षटकोनी डायच्या क्रिम्पिंग टूलने दाबून घ्या. तपासायची सोपी रीत आहे: दोन मिनिटं ग्राइंडर चालवा, बंद करा आणि प्रत्येक जोडावर बोट ठेवा. केबल कोमट लागली तर ठीक. एखादाच लग चटका देत असेल तर तो जोड खराब आहे, मग वरून कितीही चकचकीत दिसो.

आणि जुन्या गाडीचा खरा रोग म्हणजे अर्थ. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चासीला जाणारी केबल आणि इंजिनपासून चासीला जाणारी ती विणलेली पट्टी, दोन्हींना वीस-पंचवीस वर्षांत आतून हिरवा गंज चढलेला असतो. म्हणून इन्व्हर्टरचं निगेटिव्ह बॉडीला कुठेतरी बोल्टने कसू नका, थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत दुसरी केबल न्या. मग एक चाचणी करा. इंजिन चालू, इन्व्हर्टरवर ड्रिल फिरतंय, अशा वेळी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर टेकवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी बदला. हीच चाचणी पॉझिटिव्हला, अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टपासून बॅटरीच्या खुंटीपर्यंत. कित्येकदा ‘अल्टरनेटर कमजोर झालाय’ म्हणून आलेल्या गाडीचा अल्टरनेटर ठणठणीत निघाला आणि दोष नेमका या दोन वायरींत सापडला.

तुमच्या डॅशवर काट्याचा अँपिअर मीटर असेल तर एक धोका खास तुमच्यासाठी आहे. त्या काळच्या रचनेत अल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाणारा सगळा करंट आधी केबिनमध्ये येतो, मीटरमधून जातो आणि परत बॉनेटखाली जातो. इन्व्हर्टर थेट बॅटरीवर जोडला की अल्टरनेटरचा माल या लांबच्या वाटेने इन्व्हर्टरकडे जातो. काटा चार्जच्या बाजूला भरपूर झुकलेला दिसतो, तुम्हाला वाटतं बॅटरी मस्त भरतेय, आणि प्रत्यक्षात ती उतरत असते. त्याच वेळी मीटरचे जुने बोल्ट आणि इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पडदीतला कनेक्टर तापत असतो. तो कनेक्टर वितळलेला मी हातात घेतलाय. उपाय सरळ आहे: अल्टरनेटरच्या आउटपुटपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत १६ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, तिला तिचा स्वतःचा फ्यूज. यानंतर काटा फारसा हलणार नाही. त्याच्या जागी व्होल्टमीटर बसवा, या कामाला तोच खरं सांगतो: इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४.

फॅनबेल्टही बघून घ्या. अल्टरनेटर पूर्ण लोडवर आला की इंजिनकडून दोनेक हॉर्सपॉवर मागतो. ढिला किंवा काचेसारखा गुळगुळीत झालेला पट्टा तिथे किंचाळतो आणि घसरतो. आयडलिंगला सतत पूर्ण लोड ठेवू नका, कारण अल्टरनेटरचा पंखा त्याच्याच वेगाने फिरतो. वेग कमी, वारा कमी आणि करंट पूर्ण, अशात त्याच्या आतले, एसीचं डीसी करणारे डायोड भाजतात. हँड थ्रॉटल (हाताने रेस लावून ठेवायची सोय) असेल तर इंजिन बाराशे ते पंधराशेवर लावून ठेवा.

एक जुना जुगाड अजूनही कोणी ना कोणी सुचवतो, म्हणून त्यावर बोलतो. अल्टरनेटरला बॅटरीपासून तोडायचं, त्याच्या फील्डला (आतलं चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळीला) थेट १२ व्होल्ट द्यायचे आणि इंजिन रेस करायचं. व्होल्टेजला लगाम घालणारा रेग्युलेटर नसल्यामुळे ते चढत शंभरच्या वर डीसी मिळतं, आणि कार्बन ब्रशवाली मोटर डीसीवरही फिरते. ११५ व्होल्टच्या देशांत यासाठी तयार पेट्याही मिळायच्या. तांत्रिकदृष्ट्या ते खरं आहे, पण तुम्ही करू नका. २३० व्होल्टचं अवजार त्यावर मरगळून चालेल. त्याहून वाईट म्हणजे त्याचा स्विच. घरच्या एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसीमध्ये ती विझत नाही, स्विचचे पॉइंट चिकटतात, आणि फिरता ग्राइंडर हातात असताना स्विच बंद होत नाही. वेग कमी-जास्त करणारं ड्रिल असेल तर त्याचा ट्रायॅकही (वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) डीसीवर एकदा सुरू झाला की थांबत नाही. शिवाय कोणी त्यावर चार्जर किंवा साधी इंडक्शन मोटर लावली तर ती जळते. चांगला इन्व्हर्टर मिळत असताना हा धोका घ्यायचं काही कारण नाही.

त्याच अनुषंगाने: इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल कधीही काढू नका. ‘अल्टरनेटर चालतोय का’ बघायला बरेच जण हे करतात. बॅटरी हा त्या व्होल्टेजचा गादीसारखा आधार आहे. ती निघाली की क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, तुमचा नवा इन्व्हर्टर, सगळंच एका झटक्यात जाऊ शकतं.

इन्व्हर्टर निवडताना अवजाराच्या दुप्पट वॅटचा घ्या. ७०० च्या ड्रिलला दीड हजारचा. साध्या ब्रशच्या मोटरला मॉडिफाइड साइनवेव्ह (पायऱ्यापायऱ्यांची, ओबडधोबड एसी) चालतं, पण वेग बदलणारी ड्रिल त्यावर गचके खातात आणि कॉर्डलेसचे काही चार्जर तापून मरतात. म्हणून परवडत असेल तर घरच्या विजेसारखी लाट देणारा प्युअर साइनवेव्हच. पहिल्यांदा जोडताना आतले कपॅसिटर भरताना चट्ट करून ठिणगी पडते. ती बॅटरीच्या खुंटीवर न पडता इन्व्हर्टरच्या टोकाला पडेल असा शेवटचा जोड तिकडे करा. काम नसताना इन्व्हर्टर बंद ठेवा, रिकामा चालू राहिला तरी अँपिअरभर खातोच. आणि त्याचं आउटपुट चुकूनही घराच्या सॉकेटमध्ये उलटं घालू नका.

अवजारं शक्यतो डबल इन्सुलेटेड घ्या, प्लेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. बऱ्याच लहान इन्व्हर्टरचं आउटपुट अर्थशी जोडलेलं नसतं, त्यामुळे घरातल्यासारखं गळती-ब्रेकर आपल्याला वाचवेल हा भरवसा इथे धरता येत नाही. ओल्या जमिनीवर उभं राहून काम नको. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला. ग्राइंडरच्या ठिणग्या डिझेल टाकी आणि बॅटरीपासून दूर जातील अशी उभी करा. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका, दार उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड झालं हे कळेपर्यंत पाय चालायचे थांबतात.

गोल करवतीला मी नाही का म्हणालो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. १४० अँपिअर, त्यात लाकडात अडकली की आणखी. त्यासाठी दुसरी बॅटरी, खोल उतार सोसणारी डीप सायकल किंवा ट्यूब्युलर, आणि मध्ये व्होल्टेज बघून जोडणारी-तोडणारी रिले लागेल. लिथियमची बॅटरी जुन्या अल्टरनेटरला थेट जोडू नका. ती मिळेल तेवढं ओढते आणि अल्टरनेटर भाजून निघतो. तिच्यामध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच.

पण खरं सांगू? तुमचं काम कुंपण आणि शेडचं आहे, तर मी तुमच्या जागी असतो तर वायरच्या अवजारांऐवजी १८ व्होल्टची कॉर्डलेस घेतली असती आणि गाडीवर फक्त चार्जर लावला असता. १८ व्होल्ट ५ अँपिअर-तासांचा पॅक म्हणजे ९० वॅट-तास. चार्जर शंभर-दोनशे वॅटचा, म्हणजे गाडीतून दहा-वीस अँपिअर, जे तुमचा अल्टरनेटर हसत देतो. तीनशे वॅटचा छोटा प्युअर साइन इन्व्हर्टर पुरतो, ३० ते ४० अँपिअरचा फ्यूज आणि १० स्क्वेअर एमएमची आखूड वायर भागते. एक पॅक हातात, एक चार्जवर. शिवाय जागेवर येता-जाता गाडी धावत असते तेव्हाच निम्मं चार्जिंग उरकतं, आणि धावत्या गाडीचा अल्टरनेटर उभ्या गाडीपेक्षा कितीतरी सुखी असतो.

वायरचीच अवजारं वापरायची ठरलीत तर संध्याकाळी एक काम न चुकता करा. पंधरा मिनिटं इंजिन चालवलं की बॅटरी भरली असं समजू नका, निम्मी उतरलेली बॅटरी भरायला कित्येक तास लागतात. घरी आल्यावर तिला पाच-सहा अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर ठेवा, सकाळी चार्जर काढून तासाभराने मीटर लावा, आणि १२.६ दिसले तरच इन्व्हर्टर गाडीत ठेवा.